समतोल खटला

अण्णांनी सभागृहाला एक पूर्ण फेरी मारली, व्यासपीठाच्या मागे डोकावून पाहिलं, पडदा दोन बोटांनी बाजूला केला आणि परत येऊन मुलीला विचारलं,

"आरोपी कुठे उभा राहतो?"

"इथे आरोपी नसतो, अण्णा."

"आरोपीशिवाय खटला?"

"स्पर्धा आहे ही. मुलं वकील होतात, न्यायाधीश बाहेरून बोलावतात. आरोपी फक्त कागदावर असतो."

"म्हणजे खऱ्यासारखंच की," अण्णा म्हणाले आणि तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची धरून बसले. अंगात लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट होता, आणि गळ्याचं बटण लावलेलं होतं. सभागृहात टाय लावलेली पन्नासएक मुलं होती, पण कोर्टात आल्यासारखे एकटे अण्णाच दिसत होते.

अण्णांनी आयुष्यभर फ्रीज दुरुस्त केले. त्यामुळे त्यांचा एक पक्का समज झाला होता, की कुठलीही गोष्ट बंद पडली तर तिच्यात काहीतरी बिघाड असतो आणि उघडून बघितलं की तो सापडतो. मुलीने कायद्यात डॉक्टरेट मिळवली, तरी वडिलांचा हा समज काही तिला दूर करता आला नव्हता.

घरात तिला ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणायचा म्हणून अण्णाही म्हणायला लागले. पुढे धाकटा गेला, हाक तेवढी राहिली. कॉलेजात ती मॅडम होती. न्यायव्यवस्थेतली विषमता हा तिचा विषय. गरिबाला जामीन का मिळत नाही, यावर तिचं चांगलं जाडजूड पुस्तक होतं आणि त्याची दुसरी आवृत्ती निघाली होती. जिथे जिथे विषमता होती, तिथून तिथून तिला भाषणाची निमंत्रणं येत. विषमता सगळीकडेच असल्यामुळे ताईची बॅग कधी पूर्ण रिकामी होत नसे. उतरायला हॉटेलं मात्र चांगली देत.

धाकट्याला सगळे बारक्या म्हणत. त्याची केस सांगायला फार वेळ लागत नाही. एका पहाटे केबलचं एक गोदाम फुटलं आणि त्याबरोबर रखवालदाराचं डोकंही. बारक्या रात्रपाळी संपवून घरी निघाला होता आणि सुटलेल्या बसमागे धावत होता. पोलिसांनी थांबवलं, राहतोस कुठे म्हणून विचारलं. त्याने वस्तीचं नाव सांगितलं आणि तपास तिथेच पूर्ण झाला. संशय गोदामवाल्याच्या पुतण्यावरही होता, पण तो दुपारच्या जेवणाला घरी पोचला. चांगल्या घरातला मुलगा पळून जाऊन जाऊन जाणार कुठे? बारक्या भाड्याच्या खोलीत राहणारा. असा माणूस खोली कधीही सोडू शकतो, म्हणून त्याला जामीन नाही. मग तारखा सुरू झाल्या. तारखेला त्याला आणायला कधी गाडी नसायची, कधी शिपाई नसायचे. एकदा दोन्ही जमून आलं, तर न्यायाधीश रजेवर. पहिला साक्षीदार पिंजऱ्यात यायच्या आधीच बारक्या तुरुंगात तापाने गेला. कोर्टाने नोंद केली: आरोपी मयत, प्रकरण बंद.

ताई तेव्हा प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहीत होती.

"बंद म्हणजे काय? सुटला की अडकला?" अण्णांनी विचारलं होतं.

"दोन्ही नाही. माणूस गेला की खटला पुढे चालवत नाहीत."

"अगं, पण त्याने केलं होतं की नव्हतं केलं, हे कुणीतरी सांगेल ना?"

"नाही, अण्णा. आता कुणीच सांगणार नाही."

अण्णांना हे पटलं नव्हतं. वर्षं गेली, आई गेली, अण्णांचं दुकान बंद झालं, पण मधूनच चहा पिता पिता ते कप खाली ठेवत आणि विचारत, "एखादा अर्ज नाही का गं करता येत?" ताई म्हणे, "नाही." मग ते कप उचलत.

यंदा स्पर्धेसाठी काल्पनिक खटला तयार करायचं काम ताईकडे आलं आणि तिने बारक्याचाच खटला घेतला. नावं बदलली, गाव बदललं, कुणाला काही सांगितलं नाही. घरीही नाही. पण एका विद्यार्थ्याने घरी फोन केला आणि तो अण्णांनी घेतला.

"काका, मॅडमना एवढंच विचारा ना, आरोपी बसमागे पळत होता की पोलिसांना बघून?"

"बसमागे," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ते म्हणाले, "मी येणार आहे."

"अण्णा, ते सगळं नाटक असतं."

"असू दे. नाटकाला शेवट तरी असतो."

हे ऐकल्यावर ताईने त्यांना सांगायला हवं होतं, की या नाटकाला तोही नसतो. परीक्षक फक्त मुलांना गुण देतात; कोण चांगलं बोललं ते सांगतात, आरोपी दोषी की निर्दोष ते सांगत नाहीत. तसा नियमच होता, आणि तो ताईनेच लिहिलेला होता. पण अण्णा शर्टाला इस्त्री करायला बसले होते, आणि तिच्याने काही बोलवलं नाही.

तिने त्यावर दुसरा उपाय काढला होता. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, चहाच्या टेबलापाशी तिने परीक्षकांना गाठलं. निवृत्त न्यायाधीश होते. गोल चेहऱ्याचे, कुणाचंही मन न मोडणारे.

"सर, एक विनंती होती. शेवटी दोन वाक्यांत निकालही सांगाल का? आरोपी सुटला की नाही, एवढंच."

"मॅडम, हे तुमच्याच नियमात बसत नाही."

"या एका वेळी मोडा. माझे वडील आलेत. त्यांना अर्धवट गोष्ट चालत नाही."

"अहो, मग मोडू की!" न्यायाधीश हसले. "नोकरीत असताना तारखांशिवाय काही दिलं नाही मी. आज लगेच निकाल देऊन टाकतो."

ताईला हायसं वाटलं. तिला बचाव पक्षाच्या मुलावर भरवसा होता. मुलगा हुशार होता, मुख्य म्हणजे त्याने तिचं पुस्तक वाचलं होतं.

सरकार पक्षाची बाजू एका किडकिडीत मुलीकडे होती. उभी राहिली तेव्हा टेबलामागे अर्धी झाकली गेली, पण बोलायला लागली आणि मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. आरोपी पळत होता, पोलीस समोर असताना पळत होता. ती एकेक मुद्दा असा मांडत होती, जसा कुणी घडी करून कपाटात कपडा ठेवावा.

"न्यायाधीश महाराज," ती म्हणाली, "माणूस बसमागेही पळतो, हे मला मान्य आहे. पण बस पकडायला निघालेल्या माणसाच्या पिशवीत केबल कापायची पक्कड कशाला लागते? ही पक्कड आरोपीच्या पिशवीत सापडली आहे."

तिसऱ्या रांगेतून अण्णांनी मान वळवली आणि भिंतीशी उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. ताईने नजर खाली घातली.

बारक्याच्या पिशवीत पक्कड नव्हती. डबा होता आणि एक बनियन. पक्कड ताईने घातली होती. तिचा पहिला मसुदा अगदी खरा होता, जसं घडलं तसा, आणि तो समितीतल्या सरांनी परत पाठवला होता. "मॅडम, छान आहे, पण समतोल नाही," ते म्हणाले होते. "सरकार पक्षाला बोलायला आहे काय यात? ही बाजू ज्याच्या वाट्याला येईल, तो रडत येईल माझ्याकडे. काहीतरी टाका की." सरांचं बरोबर होतं. म्हणून ताईने पक्कड टाकली, आणि लगेच पुढच्या ओळीत हेही टाकलं, की पक्कड जप्त करताना बाहेरचा एकही साक्षीदार हजर नव्हता. एवढ्या एका ओळीवर पहिल्या वर्षाच्या पोरानेही ती पक्कड उडवून लावली असती.

बचावाचा मुलगा उठला. आवाज चांगला होता, तयारी दांडगी होती. तो स्वातंत्र्यावर बोलला, समतेवर बोलला. मग त्याने खटल्याचे कागद बाजूला सारले आणि ताईच्या पुस्तकातले दोन परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवले, पृष्ठ क्रमांकासकट. मुलांनी ताईकडे वळून टाळ्या वाजवल्या. ताई मनात म्हणत होती, साक्षीदार, अरे साक्षीदार! तो तिसऱ्या परिच्छेदाकडे वळला आणि वेळ संपल्याची घंटा झाली.

न्यायाधीशांनी दोघांचं तोंडभरून कौतुक केलं, गुण जाहीर केले. बक्षीस मुलीला मिळालं. मग ते खुर्चीत जरा सावरून बसले.

"आता मॅडमच्या आग्रहाखातर थोडा नियमभंग. खरोखर माझ्यासमोर हा खटला आला असता तर? बघा, सगळं प्रकरण त्या एका पकडीवर उभं आहे. ती बाजूला ठेवा, मग काय उरतं? एक माणूस बसमागे पळतोय. त्याला मी पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता, वर पोलिसांना चार शब्द सुनावले असते. पण पक्कड आहे, आणि बचावाने तिला हातसुद्धा लावला नाही. तेव्हा, दोषी." ते मुलांकडे बघून हसले. "घाबरू नका, आरोपी कागदावरच आहे."

सभागृह हसलं. अण्णा उठले, खुर्चीचा आवाज होणार नाही असे बेताने उठले, आणि बाजूच्या दाराने बाहेर गेले.

ताई गेली तेव्हा ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेले. ती शेजारी बसली.

"लाल मुठीची होती का?" अण्णांनी विचारलं.

"काय, अण्णा?"

"पक्कड. लाल मुठीचीच असणार. त्या सुमाराला माझी एक गेली होती. मी समजत होतो, गिऱ्हाइकाकडे राहिली." त्यांनी घसा साफ केला. "त्या आठवड्यात त्याची सुट्टी होती एक दिवस, आला होता माझ्याबरोबर कामाला. माझी पिशवी भरली की मी त्याच्या पिशवीत टाकायचो हत्यारं. सवयच होती ती. घरी गेल्यावर काढून घ्यायची आठवण राहिली नसेल."

"अण्णा..."

"आणि मी इतकी वर्षं पोलिसांना शिव्या घालतोय." ते मान हलवत राहिले. "तुला माहीत होतं. तू बोलली नाहीस ते बरं केलंस. निदान तुझ्या आईपर्यंत हे गेलं नाही."

"अण्णा, पक्कड नव्हती."

"अगं, आत्ता त्यांनी निकाल दिला त्याच्यावर."

"नव्हती. त्याच्या पिशवीत डबा होता फक्त. पक्कड मी घातली."

अण्णा तिच्याकडे बघायला लागले. त्यांना ती काय म्हणते ते कळत नव्हतं, आणि तिच्या अंगावरचा काळा कोट, छातीवरचा बिल्ला, यांच्यात त्याचं काही उत्तर असेल तसे ते एकेक बघत होते.

"तू? का?"

"स्पर्धेसाठी. दोन्ही बाजूंना सारखं बोलता यायला लागतं. खरं होतं तेवढंच लिहून बघितलं मी." तिचा आवाज वर्गात शिकवतानाचा झाला होता, दुसरा कुठला सापडत नव्हता. "पक्कड घातल्याशिवाय केस उभीच राहत नव्हती, अण्णा."

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. गळ्याचं बटण काढलं. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं,

"मग बारक्याची कशी उभी राहिली?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं होतं, आणि शेजारी या विषयातली डॉक्टर बसली होती. तिच्या पुस्तकात याच प्रश्नाचं उत्तर होतं, साडेचारशे पानांचं. दुसऱ्या आवृत्तीत तर ते सुधारून वाढवलेलं होतं. ताईने तोंड उघडलं. त्यातली पहिली ओळ तिला आठवेना.

आतून माईक खरखरला आणि आभार मानण्यासाठी मॅडमनी मंचावर यावं, अशी कुणीतरी विनंती केली. थोड्या वेळाने पुन्हा केली. मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला.

"बोलावतायत तुला," अण्णा म्हणाले.

ताई हलली नाही.

"जा, बाळ. कुणाला असं ताटकळत ठेवू नये."

आणि तिला पुढून जायला वाट व्हावी, म्हणून त्यांनी आपले पाय बाकाखाली ओढून घेतले.