शेगडीची बटणं

समजा, तुम्ही जिना चढताय. पाठीवर दप्तर आहे, नाकाचा शेंडा गार पडलाय आणि पोटात कावळे ओरडतायत. बाहेर पानगळ सुरू झाली आहे. उन्हाळ्यात सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असतात, त्यामुळे स्वयंपाकाचे वास रस्त्यावर निघून जातात. पण हवा फिरली, खिडक्या लागल्या, की तेच वास दाराखालच्या फटीतून जिन्यात येतात. नाक वर करा बघू. पहिल्या मजल्यावर कुणीतरी कांदा परततंय, आणि तो जरा करपलाही आहे. दुसऱ्यावर घेवडा शिजतोय. तिसऱ्यावर आपल्या गोष्टीतली मुलगी राहते. तिथे आज लाल भोपळ्याचं सूप असणार, कारण भोपळा सकाळीच ओट्यावर येऊन बसला होता.

ती एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. घरात माणसं तीनच. भिंगरी, चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी तिची आई, आणि आईचे बाबा, म्हणजे भिंगरीचे आजोबा. आजोबा पूर्वी एका इस्पितळात आचारी होते. रोज चारशे माणसांना जेवू घालायचे. आता दोघींनाच घालत, पण थाट तोच. "भोपळा चिरताना घाई करायची नाही," ते म्हणत. "तो काही पळून जात नाही."

त्या दुपारी भिंगरी दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली. घंटीवर बोट ठेवणार, तोच थबकली. भोपळ्याचा वास नव्हताच. सडक्या कोबीसारखा काहीतरी वास दाराखालून येत होता.

बोट घंटीपासून पेरभर लांब होतं. तिनं ते चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

हे तिला आजोबांनीच शिकवलं होतं. "गॅसचा वास आला की विजेच्या एकाही बटणाला हात लावायचा नाही. दिवा नाही, पंखा नाही, घंटी तर नाहीच. एवढीशी ठिणगी पुरते. शेगडी बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर."

किल्ली तिच्या गळ्यात होती. घाईत ती भोकात जाईना. तिसऱ्यांदा गेली. दार उघडताच वास अंगावर आला. भिंगरीनं श्वास रोखला आणि ती सरळ स्वयंपाकघरात शिरली.

सूप उतू गेलं होतं. पातेल्याच्या अंगावरून पिवळे ओघळ शेगडीत उतरले होते आणि ज्योत विझली होती. बटण मात्र चालूच होतं, आणि बर्नरमधून बारीक सूं-सूं आवाज येत होता. तिनं बटण फिरवलं. आवाज थांबला. खिडकीची कडी उन्हाळ्यानंतर कालच पहिल्यांदा लावलेली. ती हलेना. भिंगरीनं दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून ती ओढली. कडी निघाली आणि गार वारा आत आला.

आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. गुडघ्यांवर घोंगडी, हनुवटी छातीवर.

"आजोबा."

ते हलले नाहीत. तिनं त्यांचा खांदा धरून हलवला. खांदा हलला, आजोबा नाही.

"आजोबा, उठा ना. आजोबा."

एक डोळा किलकिला झाला. "अगं, खिडकी कशाला उघडलीस? माझी हाडं गोठवतेस काय?"

अजून माणसं बाहेर न्यायची राहिली होती. तिनं त्यांना हाताला धरून उठवलं आणि जिन्यात आणून बसवलं. वास पुरता जाईपर्यंत दोघं एकाच घोंगडीत बसून राहिली.

"जरासा डोळा लागला," आजोबा म्हणाले.

"मागच्या महिन्यात दूध उतू गेलं, तेव्हाही लागला होता."

तेव्हा खिडकी उघडी होती. वारा खेळत होता, वास टिकलाच नाही. दोघं पोट धरून हसली होती आणि आईला सांगायचं नाही अशी शपथ भिंगरीनं घेतली होती. आता ते आठवून तिला हसू येईना.

"याही वेळी सांगू नकोस," आजोबा म्हणाले. "तुझी आई मला मावशीकडे धाडेल. मावशी मला पाणीसुद्धा तापवू द्यायची नाही. नुसता शोकेसमधल्या बाहुल्यासारखा बसून राहीन." ते चेष्टेत बोलले, पण घोंगडीखाली त्यांनी तिचा हात घट्ट धरला होता.

वास गेल्यावर आजोबांनी शेगडी पुसली आणि सूप पुन्हा चढवलं. ती शेजारीच उभी राहिली. सूप झालं, शेगडी बंद झाली, आजोबा हात धुवायला गेले. तेवढ्यात भिंगरीनं शेगडीची दोन्ही बटणं ओढून काढली आणि फ्रॉकच्या खिशात टाकली.

संध्याकाळी आई आली. तिघं जेवायला बसली.

"घर एवढं गार कसं?" आई म्हणाली. "आणि तू का खात नाहीस गं? भोपळ्याशी भांडलीस का?"

"शाळेत कुणीतरी डोकं खाल्लं असेल तिचं," आजोबा म्हणाले. "पोट त्यानंच भरलं."

आई हसली. "बाबा, उद्या सुका घेवडा करताय ना? मला यायला उशीर होईल."

"दुपारीच चढवतो. त्याला दीड तास तरी लागतो."

दीड तास. खिडकी बंद. आणि भिंगरी शाळेत. तिनं खिशात हात घातला. बटणं गार होती. सांगितलं तर आजोबा मावशीकडे जातील. नाही सांगितलं तर उद्या दाराखालून तोच वास येईल, आणि हलवल्यावर कदाचित नुसता खांदाच हलेल.

तिनं दोन्ही बटणं आईच्या ताटाजवळ ठेवली.

"हे काय?" आईनं विचारलं.

"आजोबा, मी शपथ मोडतेय," भिंगरी म्हणाली, आणि तिनं आजचं सगळं सांगितलं. दुधाचंही सांगितलं.

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आजोबा वाटीत बघत राहिले. "चारशे माणसं जेवायची माझ्या हातचं," ते हळूच म्हणाले.

"बाबा, तुम्ही आता..." आई बोलायला लागली.

तेवढ्यात भिंगरी उठली. एक बटण तिनं आईच्या मुठीत ठेवलं. दुसरं उचलून शेगडीला बसवलं आणि खिडकीची एक झडप उघडली.

"सूप गार झालंय," ती म्हणाली. "आजोबा, या. तुम्ही ढवळा, बटण मी धरते. उद्याचा घेवडाही मी शाळेतून आल्यावरच चढवू."

आजोबांनी आईकडे पाहिलं. आईनं मान डोलावली. ते ओट्याशी आले, आणि शेगडी पेटवून त्यांनी डाव हातात घेतला. भिंगरी स्टुलावर चढून त्यांना खेटून उभी राहिली. एक हात तिनं बटणावरच ठेवला होता, आणि वाऱ्यानं हलणाऱ्या त्या निळ्या ज्योतीवरून तिनं नजर हलवली नाही.