साळूची भिंत

कायदा विभागाच्या प्रमुख मॅडमनी फोटो टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "हे काम कुणाचं, ओळखलंत?"

ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. लहान मुलांच्या हाडांच्या दवाखान्यातली भिंत होती आणि तिच्यावर पार छताला टेकलेला साळू. काट्यांच्या जागी रंगीत पेन्सिली आणि नाकावर गोल चष्मा असलेलं ते साळिंदर कंपनीच्या प्रत्येक वहीवर छापलेलं असायचं. तीस वर्षांपूर्वी तिच्या बाबांनी ते काढलं, कंपनीच्या चित्रकला विभागात नोकरीला असताना. आता ते निवृत्त होते, आणि फुकटात का होईना, परवानगीशिवाय कंपनीचा साळू रंगवत होते.

"वडील आहेत तुमचे," मॅडम म्हणाल्या. "जड जाणार असेल तर दुसऱ्या कुणाकडे देते."

"जड कशाला जाईल? मीच जाते."

विभागातली उपप्रमुखाची जागा रिकामी होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण तिच्या मनात ती जागा नंतर आली. आधी आली ती बाबांची पाठ. लहानपणी बाबांच्या चेहऱ्यापेक्षा तिनं चित्रावर वाकलेली ती पाठच जास्त पाहिली होती.

दवाखान्यात गेली तेव्हाही पाठच दिसली. बाबा शिडीवर बसून एका पेन्सिलीचं टोक रंगवत होते. बाकावर प्लास्टरमधला पाय पुढे करून बसलेली एक चिमुरडी त्यांना रंग सुचवत होती.

"आलीस? बघ, पंच्याहत्तरीला आलोय, पण रेषा अजून थरथरत नाही."

तिनं नोटीस पुढे केली. बाबांनी शिडीवर बसूनच वाचली, चष्मा वर-खाली करत, दोनदा.

"साळू माझा आहे," ते म्हणाले.

"हात तुमचा आहे, बाबा. त्या हातानं पगारावर असताना काढलेलं चित्र कंपनीचं. नेमणुकीच्या कागदात लिहिलंय, आणि लिहिलं नसतं तरी कायदा तेच म्हणतो. वर ते नोंदलेलं बोधचिन्ह आहे. आज दवाखान्याला सोडलं, तर उद्या कुणी वहीवाला उठेल आणि म्हणेल, मलाही सोडा."

"मी काय वह्या विकतोय? आजारी पोरं आहेत ही."

"भिंत सात दिवसांत पांढरी झाली पाहिजे. नाहीतर दवाखान्यावर दावा लागेल. डॉक्टरांना अडकवायचंय का तुम्हाला?"

बाबा खाली उतरले. ब्रश फडक्यात गुंडाळला. मग आवाज उतरवून म्हणाले, "चष्मा तुझा होता."



तेवीस वर्षांपूर्वी, अकरा वर्षांची असताना, तिनं आपल्या वहीत साळू काढून त्याला चष्मा लावला होता. बाबांनी ते पान टरकन फाडलं आणि म्हणाले, "नक्कल मारायला अक्कल लागत नाही." तीन महिन्यांनी कंपनीच्या नव्या वह्या आल्या, तर साळूच्या नाकावर चष्मा. तिनं वर्गात सांगितलं, चष्मा माझा आहे. वर्ग हसला. बाईंनी पालकसभेत बाबांना विचारलं, तेव्हा बाबाही हसले. "पोरं काहीही बोलतात हो."

"तू काही कंपनीची नोकर नव्हतीस," बाबा आता म्हणत होते. "मग चष्मेवाला साळू सगळा कंपनीचा कसा? मी साक्ष देतो. काहीतरी तडजोड निघेल. भिंत राहील."

मुद्दा बरोबर होता. कायद्याच्या दुसऱ्या वर्षालाच तिला तो कळला होता, आणि तेव्हापासून तिनं तो कुणापाशी काढला नव्हता. तिनं पिशवीतून दुसरा कागद काढला. हमीपत्र. आदल्या दिवशी तिनंच टाइप केलेलं.

बाबांनी शेवटचं कलम मोठ्यानं वाचलं. "साळू, चष्म्यासह, मी एकट्याने, नोकरीत असताना निर्माण केला आहे." मान वर केली. "हे खोटं आहे."

"तेवीस वर्षं खरं होतं."

"अगं, तुझंच नाव पुसलं जातंय यात."

"ते तुम्ही पुसलंत. मी फक्त पक्कं करतेय."

बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काय शोधत होते कोण जाणे, पण सापडलं नाही. शिडीच्या पायरीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. साळूखाली करायचे तशीच, शेवटच्या अक्षराला शेपटी काढून.

तिनं रंगारी बोलावला नाही. बाबाच रोलर घेऊन उभे राहिले. पहिल्या हातानंतर पेन्सिली आतून दिसत राहिल्या, म्हणून दुसरा द्यावा लागला. चिमुरडी विचारत होती, "आजोबा, त्याला का पुसताय?" बाबांनी रोलर पुन्हा रंगात बुडवला.

"बरं वाटलं का तुला?" भिंत संपल्यावर त्यांनी विचारलं.

"बाजूला व्हा. फायलीला फोटो लागतो."

पुढच्या महिन्यात ती उपप्रमुख झाली. त्याच आठवड्यात दवाखान्याच्या डॉक्टरांचा रीतसर अर्ज आला. मुलं साळूला विचारतात, कंपनीनं परवानगी द्यावी, चित्र त्याच आजोबांकडून काढून घेऊ. अशा कामाला कंपनी आनंदानं परवानगी देत असे, फक्त मागावी लागे. बाबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही नाही.

तिनं अर्ज मंजूर केला. चित्रकाराच्या रकान्यात कंपनीच्या यादीतल्या एका नवशिक्याचं नाव घातलं, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं : अन्य कोणाकडूनही काम करून घेऊ नये.