सरावाची पोर

वस्तीतल्या बायकांना मुलांची हृदयं तपासायला शिकायचं होतं आणि सरावासाठी एखादं धडधाकट मूल हवं होतं. शिलाईवालीनं फुशारकीनं आपलीच लेक पुढे केली. आठ वर्षांची टकळी, तोंडाला क्षणभर विसावा म्हणून नाही. असली ठणठणीत पोर शोधून तरी सापडली असती का!

हे सगळं सुरू झालं ते इस्त्रीवालीचा मुलगा गेल्यावर. साधा घसा धरला, मग सांधे सुजले, आणि कळलं तोवर हृदयाची झडप कामातून गेली होती. तेव्हापासून शिलाईवाली दारोदार बजावत फिरायची, "घसा, सांधे, काही अंगावर काढू नका गं बायांनो!"

शाळेच्या वर्गात बाकं जोडली होती, खिडक्यांना तिनंच शिवलेले काळे पडदे होते. टकळी कुशीवर झोपली. छातीला गार जेली लागताच ओरडली, "अगं आई गं!" बायका हसल्या. शिकवायला आलेल्या डॉक्टरबाईंनी दाखवलं तसं शिलाईवालीनं सोनोग्राफीचं यंत्र छातीला टेकवलं. यंत्राच्या पडद्यावर हृदयाची झडप उघडत होती, मिटत होती. आणि मिटल्यावरही रक्ताची एक बारीक धार मागे फिरत होती.

तिनं हात हलवून पुन्हा टेकवला. धार तिथंच.

"डॉक्टरबाई, माझा हात चुकतोय ना? सांगा ना, चुकतोय ना?"

डॉक्टरबाईंनी स्वतः यंत्र धरलं. पोरीला जरा वळवून पुन्हा पाहिलं. शिलाईवालीला एकदम आठवलं. हिवाळ्यात पोर गुडघे दुखतात म्हणून रडत होती आणि हिनं 'वाढीचं दुखणं' म्हणून तेल चोळून तिला झोपवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आता बोल तरी कोणाला लावायचा?

"झडपेतली गळती बारीक आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोठ्या दवाखान्यात पुन्हा बघू. पण झडप आणखी बिघडू नये म्हणून दर महिन्याला इंजेक्शन लागेल असं दिसतंय. बरीच वर्षं."

"आणि एखादं चुकलं तर?"

शिलाईवालीनं विचारलं. सगळ्यांची नजर इस्त्रीवालीकडे गेली. ती पुढे आली आणि पदरानं पोरीची छाती पुसू लागली. "चुकणार नाही. तू विसरलीस तर मी फरफटत नेईन दोघींना," ती म्हणाली.

टकळी उठून बसली. "इंजेक्शन मुंगी चावल्यासारखं असतं ना गं आई? तूच सांगतेस सगळ्या पोरांना."

शिलाईवाली तिच्याजवळ वाकली. "नाही गं माझे बाई. दुखतं. चांगलं दुखतं. मी खोटं सांगत होते."

टकळी गप्प झाली. एवढी गप्प ती जन्मात कधी बसली नव्हती. मग तिनं आईचा जेलीनं बरबटलेला हात दोन्ही हातांत घेतला.

"थरथरू नको ना," ती म्हणाली. "मला भीती वाटते."