पोळ्याच्या कढीतली करणी

पोळ्याच्या पंगतीतून उठलेली तीस-चाळीस माणसं दूध सोसायटीच्या अंगणात ओकत होती. बाकीचं गाव सटवा भगताभोवती दाटलं होतं. त्यानं कढीच्या तांब्याच्या हंड्यातून उरलेली कढी वाडग्यात ओतली. ती हिरवट निघाली.

"इख! देवीनं दावलं बघा! करणी हाय. ताक कुनी घुसळलं?"

सगळे बायनाबाईकडं वळले. एकटी राहणारी विधवा. देवीला बरी सापडते.

"दिस मावळायच्या आत हिला वेशीबाहेर काढा. न्हाईतर मुडदे पडतील!"

त्यानं आजाऱ्यांना अंगारा चाटवला आणि तासाभरात बहुतेकांच्या ओकाऱ्या थांबल्या. पोटात काही उरलंच नव्हतं, तर ओकणार काय? दोघं मात्र उठेनात. त्यांना मी जीपनं पाटोद्याच्या दवाखान्यात धाडलं.

सोसायटीत दूध तपासण्यात माझा जन्म गेला. मी कुणावरच विश्वास ठेवत नाही. बायनाबाईवरही ठेवला नाही. आधी हंड्यात डोकावलो. कल्हई पार उडाली होती आणि उघड्या तांब्यावर हिरवं कीट धरलं होतं.

"आप्पाराव, कल्हई कधी केलती?"

"दुष्काळात कशाची कल्हई?" चेअरमन म्हणाले. "कल्हईवाला कासम दोन साल फिरकला न्हाई. भायरून चिंचेनं घासला, लई चकाकला."

"आन् कढी यात कितीक वेळ व्हती?"

"सकाळपासून. मानाचा बैल जेवल्याबिगर पंगत बसत न्हाई. तो चारा छावणीतून तिसऱ्या प्रहरी आला."

बायनाबाईच्या घरचं उरलेलं ताक मागवलं. अर्धं दुधाच्या स्वच्छ कॅनमध्ये ओतलं, अर्धं पाण्यानं विसळलेल्या हंड्यात. आंबटपणा वाढावा म्हणून दोन्हींत लिंबू पिळलं.

"सटवा, आता तूच ढवळ. कुनी हात लावू नका."

त्यानं मंत्र पुटपुटत दोन्ही ढवळलं. थोड्या वेळानं दोन वाडगे भरले. कॅनमधलं ताक पांढरं, हंड्यातलं हिरवट.

"ही करणी कुनाची रं?" मी विचारलं. सटवानं झोळी उचलली.

लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण बायनाबाई विचारत होती, "आन् हंड्यातलं हिरवं निघालं नसतं, तर मी कुठं गेले आसते?"

म्हणून तुम्हाला सांगतो: कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवू नका. शिजलेलं अन्न मानासाठी तासन्‌तास ताटकळत ठेवू नका. आणि पंगत बाधली तर आजाऱ्याला दवाखान्यात न्या, भांडं तपासा. बाईला वेशीकडं ढकलू नका.