सगळ्यांच्या खात्यातला मी

मी एक जुना ई-रीडर आहे. इंदूरच्या एका घरात, रुपालीच्या टेबलावर, निकामी चार्जरांच्या डब्यात वर्षभर पडून आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. आधी माझी करणी ऐका.

कारखान्यात मला दोन कामं शिकवली. पुस्तक दाखवायचं, आणि वाचणारा कुठे थांबला, कोणत्या ओळीखाली त्याने रेघ ओढली, ते खात्यात पोचवायचं. पहिल्या कामाची जाहिरात झाली. दुसऱ्याची चौकशी कोणी केली नाही.

रुपाली शाळेत शिकवायची. तिच्या धाकट्या भावाने, अर्पितने, मला आणलं. एकाने घेतलेलं पुस्तक सगळ्यांनी वाचायचं, ही त्या घराची रीत. म्हणून त्याने माझ्यावर, आईच्या मोबाइलवर आणि बेटम्याच्या मंगलामामींच्या टॅबवर एकच खातं टाकलं.

"माझं अलग नाही होणार?" रुपालीने विचारलं.

"अरे ताई, घर की बात है. आपल्याच लोकांपासून क्या छुपाना?"

चार वर्षं तिने मला जिवापाड जपलं. माझ्यासाठी कापडी पिशवी शिवली. मैत्रिणींपुढे माझं कौतुक करायची, आणि मी मूर्खासारखा फुशारायचो.

मग मामींनी देवांशचं स्थळ आणलं. दोघांचं मन जुळलं. रुपालीला लहानपणापासून फिट्स येत. औषधाने तीन वर्षांत एकही आली नव्हती, पण ही गोष्ट त्या घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हती, मामींनाही नाही. देवांशला आपणच सांगायचं, रविवारी, समोर बसून, असं तिने ठरवलं. नीट सांगता यावं म्हणून तिने अपस्मारावरचं पुस्तक घेतलं आणि लग्न, बाळंतपण या प्रकरणांत रेघा ओढल्या. शुक्रवारी त्या सगळ्या रेघा मी मामींच्या टॅबवर नेऊन ठेवल्या.

मामींनी त्या वाचून काय ते ओळखलं आणि फोन केला तो देवांशच्या आईला. शनिवारी नकार आला. रुपालीने देवांशला फोन लावला.

"बीमारीचं काही नाही हो, रुपालीजी," तो म्हणाला. "पण तुम्ही छुपवलं, ते बुरं वाटलं."

"मी उद्या सांगणारच होते."

"आता तर असंच म्हणाल ना."

तिने फोन ठेवला. संध्याकाळी अर्पित म्हणाला, "सॉरी ताई, रेघा सगळीकडे दिसायची सेटिंग बदलायची राहून गेली." चूक एवढीशीच होती, म्हणूनच मला त्या चुकीचा जास्त संताप येतो. मामींना तर आपण चांगलंच केलं असं अजून वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र हातात आलं की आधी स्वतःच्या नावाचं खातं उघडा, त्याला कुलूप लावा, खुणा बाहेर पाठवणं बंद करा. घरचे रुसले तर रुसू देत. आम्ही यंत्रं चहाडखोरच असतो, तोंड तुम्हालाच बांधावं लागतं.

रुपाली आता कागदाची पुस्तकं वाचते. त्यांत रेघ ओढायलाही तिचा हात धजत नाही.