सुदामच्या गळ्यातला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना, झिजलेला शिक्का आहे. पुस्तकात मला नाणं म्हणतात, पण आमच्या शहागडला सगळे शिक्काच म्हणतात. माझ्यावर बोट फिरवलंत तर एक उंचवटा लागेल, बाकी सारं सपाट.

फार पूर्वी शिसं वितळवून मला घडवलं, वर राजाच्या नावाचा ठसा मारला. बाजारात माझ्या बदल्यात मीठ मिळायचं, मडकी मिळायची. किती हात पाहिले, आता आठवत नाही. मग एका पुरात गोदावरीच्या गाळात गेलो आणि तिथंच राहिलो.

१९९६ च्या उन्हाळ्यात काठावरच्या रामकिसनच्या वावरात नांगराबरोबर मी वर आलो. त्याच्या आईनं, चतुराबाईंनी, मला तांब्याच्या लोट्यासारखं चिंच आणि राखेनं घासलं. राजाच्या नावाची उरलीसुरली अक्षरं त्या दिवशी मोरीत वाहून गेली. चकाकी काही आली नाही, पण उंचवटा दिसला. "देवी हाय ही. आपणहून घरी आली," असं म्हणत त्यांनी मला भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवलं आणि नातवाच्या, तान्ह्या सुदामच्या गळ्यात बांधलं.

त्याला दात येत होते. दिवसभर मी त्याच्या तोंडात. मी इतका मऊ, की माझ्यावर त्याच्या इवल्या दातांचे व्रण उठले.

त्याची आई, बेबीनंदा, सायन्स शिकलेली. तिला पोराच्या पांढऱ्या झबल्यावर करड्या रेघा दिसल्या. पोर दूध टाकत होतं, पोट आवळून रडत होतं.

"दात येऊन राह्यलेत, रडणारच," चतुराबाई म्हणाल्या.

बेबीनंदानं मला कागदावर ओढलं. पेन्सिलीसारखी रेघ उमटली. तिचा चेहरा उतरला. ती सासूला म्हणाली,

"आत्या, हे शिसं हाय. पोटात गेलं तर जहर. सोडा ते."

"देवीला जहर म्हणतीस? कॉलेजात हेच शिकली का?"

रामकिसन भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा. मला रानात जायचंय."

तिनं सकाळी मला सोडलं, ती पाण्याला गेली तशी सासूनं परत बांधलं. असं रोज चाललं. शेवटी तिनं ठरवलं, शिक्क्यावर काय आहे ते एकदा बघायचंच. दारातल्या तिरप्या उन्हात तिनं मला हळूहळू फिरवलं. उंचवट्याला सावली पडली आणि आकार उमटला.

"आत्या, या इकडं. देवी न्हाई ही. ही सोंड, हे पाय. हत्ती हाय."

चतुराबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि हात जोडले. "म्हंजे गणपती. मी म्हणलंच व्हतं, देव हाय."

मित्रांनो, माझी ओळख पटली आणि दोऱ्याची गाठ आणखीच घट्ट झाली.

बेबीनंदा शांतपणे म्हणाली, "बराबर. गणपतीच समजू. मंग आत्या, गणपतीला उष्टं चालतंय का?"

चतुराबाईंनी माझ्याकडं पाहिलं. माझ्यावरून सुदामची लाळ गळत होती.

"निवदाच्या ताटाला आपण पोराला शिवू देत न्हाई," बेबीनंदा म्हणाली, "आन् हितं देवच चघळून राह्यलाय त्यो."

चतुराबाईंनी स्वतःच गाठ सोडली. वर सुनेलाच म्हणाल्या, "एवढी शिकलेली, आधी सांगायचं न्हाई का?"

त्याच दुपारी सुदामला कडेवर घेऊन, मला रुमालात गुंडाळून बेबीनंदा जालन्याला डॉक्टरांकडं गेली. त्यांनी औषध दिलं, पुन्हा पुन्हा तपासायला बोलावलं. ती एकही खेप चुकली नाही. हळूहळू पोर दूध पिऊ लागलं.

पुढं तिनं मला तिच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना दाखवलं. सर म्हणाले, "सातवाहनांच्या काळातला दिसतो. अक्षरं असती तर राजाचं नावही सांगितलं असतं."

म्हणून सांगतो मित्रांनो, सापडलेला शिक्का घासू नका. कोरड्या कापडात ठेवा, जाणत्या माणसाला दाखवा. आणि काय आहे ते कळेपर्यंत कुणाच्या गळ्यात बांधू नका, तोंडात तर मुळीच नको.

मी कोणत्या राजाचा, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण मी कशाचा आहे, हे एका आईनं वेळेवर ओळखलं. मला तेवढी ओळख पुरते.