गाडीचे मागचे पाटे

आईला भिवापूरला जायचं होतं. तिची मागणी एवढीच होती, आणि ती तिने एकदाच केली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला, कॅन्सर मणक्यात उतरला म्हणून सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. चहा पिता पिता म्हणाली, "मायले भेटून येतो एकदा."

आजी भिवापूरला मामाकडे होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाट सोडत नव्हती, तेव्हा जायचं तर आईनेच. पाऊणशे किलोमीटर. छोट्या रेल्वेचे लाकडी बाक किंवा एसटी यांचा विचारच नको. पण आमच्याकडे गाडी होती.

एक्क्याऐंशी सालची गोष्ट. माझे बाबा, रामाजी, कोळसा खाणीत पंपांचे फिटर होते. लवकर निवृत्ती घेतल्यावर त्यांनी नागपूरला नंदनवनात दोन खोल्या बांधल्या आणि सरकारी लिलावातून एक काळी गाडी घेतली, अठ्ठावन्न सालची. छप्पन साली दीक्षेसाठी ते आणि आई भिवापूरहून पायी आले होते, लग्नाला सहाच महिने झालेले. त्याच रस्त्याने पंचफुलेला, म्हणजे आईला, गाडीत बसवून नेईन, असं ते गाडी घेतल्यापासून म्हणायचे. नेलंही होतं दोनदा. आई मागच्या सीटवर एकटी ऐसपैस बसायची आणि उमरेड येईपर्यंत झोपून जायची.

एक्स-रेच्या दिवशी दवाखान्यातून आणताना मात्र रेल्वे फाटकावर गाडी आदळली. फार नाही, नेहमीइतकीच. आईने पदर तोंडात कोंबला, तरी ओरडणं बाहेर आलंच. बाबांनी गाडी कडेला घेतली. मागे वळून बघायचं त्यांना धाडस झालं नाही. स्टिअरिंगकडे बघतच म्हणाले, "पाटे बसले हायेत मागचे. करतो मी. झटका बसू देत नाही तुले."

पाटे म्हणजे मागच्या चाकांवर गाडीचा भार तोलणाऱ्या पोलादी पट्ट्या, एकावर एक रचून कमानीसारख्या वाकवलेल्या. आमच्या गाडीच्या कमानी सपाट झाल्या होत्या. डावीकडची एक पट्टी तुटलेली निघाली.

बाबांनी अंगणात गाडी जॅकवर उचलली, खाली लाकडी ठोकळे दिले. गंजलेल्या बोल्टांवर दोन दिवस रॉकेल सोडत राहिले. तिसऱ्या दिवशी बोल्ट सुटले तेव्हा त्यांची बोटं फुटली होती. पाटे सायकलवर बांधून ते ताराचंद लोहाराकडे गेले. ताराचंदने भट्टीत तापवून त्यांना पुन्हा कमान दिली, नवी पट्टी घातली. यात नऊ दिवस गेले.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. सकाळची शाळा करून अकराला घरी यायचे, तोवर शेजारच्या इंदुताई आईजवळ बसायच्या. मी आले की आईला पुसायचं, कूस बदलायची, पेज भरवायची. आणि ऐकायचं. आई त्या दिवसांत खूप बोलायची. आयुष्यभर कमी बोललेली बाई. खिडकीतून तिला गाडीचं मागचं चाक आणि बाबांचे पाय दिसायचे.

"त्याईले बोलाव न वं आत," ती म्हणायची. मी बोलवायचे. बाबा हात पुसत दारापर्यंत यायचे, विचारायचे, "काय पाहिजे तुले?" आई म्हणायची, "काही नाही." मग ते परत जायचे.

पाटे बसवल्यावर बाबा मला म्हणाले, "चारू, तू झोप मागं. आई झोपंल तशी."

मी मागच्या सीटवर आडवी झाले. त्यांनी गाडी आमच्या नव्या वस्तीच्या, लेआउटच्या, कच्च्या रस्त्याने फिरवली. पाठ शेकून निघाली. पाटे नवीन कमानीने इतके ताठ झाले होते की आधीची गाडी बरी म्हणायची वेळ आली. मी उठून बसले तेव्हा त्यांनी आरशात माझं तोंड पाहिलं.

पुन्हा सगळं खाली. प्रत्येक बाजूची एकेक पट्टी कमी केली, उरलेल्यांच्या मध्ये ग्रीस भरलं. आता गाडी मऊ झाली, पण खड्ड्यातून निघाली की होडीसारखी डुलत राही. डुलणं थांबवणारे शॉकअप कधीचे मेले होते. त्या जुन्या मॉडेलचे शॉकअप मिळेनात. बाबा भंगारबाजार पालथा घालत राहिले.

फेब्रुवारी अर्धा सरला. आई आता उशीला टेकूनही बसू शकत नव्हती. एक दिवस तिने बाबांना दारातच थांबवलं.

"अवो, मले अशीच घेऊन चाला. दुखंल तं दुखंल."

"आठ दिवस थांब. फक्त आठ दिवस."

"तिकडं मिरची वाळू घातली असंल. माय खाटेवरून राखण करत असंल."

"नेतो म्हटलं न मी!" बाबा एकदम मोठ्याने म्हणाले. मग खाली बघत, "अशा गाडीत तुले नेऊन, तू ओरडली तं मी काय करू, सांग."

ते बाहेर गेले. मी त्यांच्यामागे गेले. माझाही आवाज चढला. "बाबा, आधी तिच्यापाशी बसा न तुम्ही. काहून बसत नाही? ती वाट पाहते तुमची."

ते गाडीखाली सरकलेले होते. पाना फिरल्याचा आवाज आला. मग खालूनच म्हणाले, "बसून काय करू मी? मले दुसरं काय येते?"

मी तशीच आत आले. त्यांना आणखी काही म्हणायला हवं होतं, पण आई हाक मारून राहिली होती.

शॉकअप मिळाले, जुनेच, एका मोडीत काढलेल्या गाडीचे. बाबांनी त्यांत नवीन सील घातले, तेल भरलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी मी पुन्हा मागे आडवी झाले. या वेळी ते मला थेट रेल्वे फाटकावरून घेऊन गेले. गाडी नुसती उचलली गेल्यासारखी वाटली आणि अलगद टेकली. परत येताना माझा डोळा लागला. बाबांनी गाडी थांबवून वळून पाहिलं आणि हसले. किती महिन्यांनी हसले.

"उद्या," ते आईला म्हणाले. "उद्या सकाळी, थंड्या वेळी." आईने मान हलवली. मी तिला तिची पांढरी, निळ्या काठाची साडी दाखवली. पुन्हा मान हलवली.

रविवारी सकाळी मागच्या सीटवर गादी घातली, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. इंदुताई, त्यांचे यजमान, मी आणि बाबा, चौघांनी आईखालच्या चादरीची चार टोकं धरली. खाटेपासून गाडीपर्यंत वीस पावलं असतील. चौघांची पावलं एकसारखी कशी पडणार? उंबऱ्याशी बाबा आधी वर चढले, यजमान मागे राहिले, चादर मध्ये ताणली गेली. आई ओरडली. ते ओरडणं फाटकावरच्या ओरडण्यासारखं नव्हतं. "ठेवा! ठेवा मले! बुद्धाची शपथ हाय तुमाले, ठेवा!"

आम्ही तिला तिथेच, उंबऱ्याच्या आत, जमिनीवर टेकवलं. तासाभराने पुन्हा खाटेवर नेलं. दुपारी डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. म्हणाले, आता हलवू नका.

त्यानंतर बाबा अंगणात गेले नाहीत. खाटेजवळ स्टूल घेऊन बसले ते बसलेच. तिचा हात हातात धरून असायचे. पण आई इंजेक्शनच्या गुंगीत होती. कधी डोळे उघडायची, त्यांच्याकडे बघायची, ओळख पटली की नाही कळायचं नाही. बाबा वाकून विचारायचे, "पंचफुला, काय म्हणतेस?" ती काही म्हणत नव्हती. अकराव्या दिवशी, दुपारी साडेतीनला, ती गेली. मामा एसटीने आला, तो मातीला पोहोचला. आजी तिकडेच राहिली.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर बाबा आणि मी आजीला भेटायला भिवापूरला गेलो. अंगणात ताडपत्रीवर मिरची पसरली होती, तिच्या ठसक्याने डोळे झोंबत होते, त्यामुळे रडायला कारण लागलं नाही. आजी खाटेवर पडून होती. बाबांना तिने जवळ बसवून घेतलं, त्यांच्या दंडावरून हात फिरवला.

"शेवटी काय बोले मायी पोर?" तिने विचारलं. "मायी आठवण काढे का? काय खावं वाटे तिले? सांगा न, जावाई."

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं. दीड महिना ती रोज बोलली होती आणि ते भिंतीपलीकडे होते.

"तुमी होते न तिच्याजवळ?" आजी म्हणाली.

"अंगणात होतो," बाबा म्हणाले. "गाडी करत होतो, माय."

मग मी सांगितलं. आईला चिंचेची कढी खावीशी वाटायची. लहानपणी मिरच्या खुडून बोटं जळायची तेव्हा आजी तिच्या बोटांना ताक लावायची, ते तिने मला तीनदा सांगितलं. दीक्षेला येताना उमरेडच्या पुढे तिची चप्पल तुटली आणि बाबांनी स्वतःच्या चपला तिला घालून ते नागपूरपर्यंत अनवाणी चालले, हेही तिने सांगितलं. म्हणाली होती, "तवापासून त्याईले मले चालवत न्यायचं भेव वाटते."

आजी डोळे मिटून हुंकार देत होती. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, परगावची बातमी ऐकावी तसे.

संध्याकाळी निघालो. मी पुढे त्यांच्या शेजारी बसले. गावाबाहेर आल्यावर ते म्हणाले, "चारू, आणखी काय बोले ती?"

मी आठवेल ते सांगत गेले. शाळेतल्या मुलींबद्दल विचारायची. इंदुताईंची नक्कल करायची. खिडकीतून त्यांचे पाय दिसले की म्हणायची, किती काळे झाले, तेल लावत नाहीत. उमरेड आलं तेव्हा माझ्याजवळचं सगळं संपलं होतं.

"संपलं, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी उमरेडच्या गर्दीतून गाडी बाहेर काढली. मग हळूच म्हणाले, "तं तेच सांग न वं पुन्हा. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगू लागले.